वरातीतली धून आणि तिचा धनी



चालकांनी मला येथे बोलावले तेव्हा मी किमान वेतनावर, फार तर नव्या कामगार-संहितांवर बोलेन, अशी त्यांची अपेक्षा असणार. तीस वर्षे यंत्रमाग कामगारांत वावरलेल्या माणसाकडून दुसरी कसली अपेक्षा करावयाची? मी विषय कळविला, ‘ग्लेन लार्सन : पटकथाकार आणि संगीतकार’. दुसऱ्याच दिवशी चालकांपैकी एका गृहस्थांचा दूरध्वनी आला, “लार्सन म्हणजे लार्सन अँड टुब्रोपैकी काय?” त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे तो एकच लार्सन माहीत आहे, आणि मी कामगारांचा माणूस म्हणजे कारखानदारावरच बोलणार! परंतु हा लार्सन निराळा. तो अमेरिकेतला, दूरचित्रवाणीच्या मालिका लिहिणारा, त्यांची शीर्षकगीते बांधणारा. त्याचे नाव आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकले असेल. त्याची एक धून मात्र आपण सर्वांनी ऐकली आहे. किंबहुना आपल्यापैकी कित्येक जण तिच्यावर नाचले आहेत, असे मी म्हटले तर रागावू नका.

गेल्या वैशाखात आमच्या गल्लीतून एक वरात निघाली होती. बँडवाल्यांनी ते पंजाबी गाणे धरले, ‘मुंडियां तो बच के’. पोरे उड्या मारू लागली. त्या गाण्याच्या तळाशी खर्जात एक धून सारखी फिरत असते. दोन शेजारशेजारच्या स्वरांची झटापट चालावी, तशी ती जागच्या जागी थरथरते. बँडमधला कॅसिओ वाजविणारा पोरगा ती मोठ्या तयारीने वाजवीत होता. माझ्याशेजारी उभा असलेला एक तरुण म्हणाला, “अण्णा, ही चाल पंजाबी नव्हे. ही ‘नाइट रायडर’ची. ती बोलणारी काळी मोटार, ती मालिका!” मला गाण्यातले काही कळत नाही, पण एखादी वस्तू बाजारात दिसली की ती कोणी केली, त्याला काय मिळाले आणि कोणी मारले, हे विचारण्याची मला खोड आहे. त्या खोडीपायी मी या माणसाच्या मागे लागलो. शब्दकोश जवळ घेऊन इंग्रजी वाचणारा मी माणूस. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

ग्लेन लार्सनचा जन्म ३ जानेवारी १९३७ रोजी कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे झाला. हॉलीवूड हायस्कूल या शाळेत तो शिकला आणि तेथल्या चार पोरांनी मिळून गाण्याचा एक संच काढला, ‘द फोर प्रेप्स’. १९५६ साली कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी करार केला. लार्सन तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा. १९५८ साली या संचाचे ‘ट्वेंटी-सिक्स माइल्स’ हे गाणे अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. किनाऱ्यापासून सव्वीस मैलांवरच्या कॅटलिना बेटाचे ते गाणे. ते लिहिले होते लार्सनने आणि त्याचा सोबती ब्रूस बेलंड याने.

येथे एक क्षण थांबतो. गाणाऱ्याला मुख्यतः गायल्याचे पैसे मिळतात. गाणे ज्याच्या नावावर असते त्याला ते जेव्हा जेव्हा आकाशवाणीवर वाजेल, जेव्हा जेव्हा त्याची तबकडी खपेल, तेव्हा काही ना काही मिळत राहते. एकविसाव्या वर्षी लार्सनने हा फरक स्वतःच्या कमाईत पाहिला. माझी अशी समजूत आहे की त्याच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली येथे आहे. आमच्या धंद्यात कापडाच्या एका इंचात किती आडवे धागे बसले त्या पिकांवर मजुरी ठरते. थान उतरले, मोजले, मजुरी घेतली, विषय संपला. त्या कापडाचे पुढे धोतर झाले आणि कोणी ते वीस वर्षे नेसले, तरी दर नेसण्याला विणकराला पैसा मिळत नाही. गाण्याचे तसे नसते. ते विकूनही धन्याचे थोडे उरते. पण त्यासाठी धनी म्हणून नाव लागलेले असावे लागते.

साठाच्या दशकात गाण्याच्या संचांचे दिवस पालटले. लार्सन लिहिण्याकडे वळला. ‘द फ्युजिटिव्ह’ या मालिकेच्या एका भागाची कथा त्याच्या नावावर आहे. मग ‘इट टेक्स अ थीफ’ या मालिकेवर तो लेखक म्हणून लागला आणि भराभर वर चढला. तिचे नाव एका म्हणीवरून घेतलेले आहे. चोराला पकडायला चोरच लागतो, असा तिचा भावार्थ. पुढे लार्सनवर जे आरोप झाले ते पाहता हा योगायोग गमतीचा वाटतो.

आता तिकडची ही दूरचित्रवाणी म्हणजे काय प्रकरण होते ते थोडे सांगितले पाहिजे. लेखक घरी बसून प्रतिभेची वाट पाहतो आणि लिहून झाले की मालिका होते, असे तेथे नव्हते. प्रक्षेपण करणारी कंपनी वेगळी, मालिका तयार करणारा स्टुडिओ वेगळा. वर्षाला बावीस-चोवीस तासांचे भाग द्यावयाचे. दर आठवड्याला एक भाग पडद्यावर गेलाच पाहिजे. एक दिवसाचाही खाडा नाही. एक भाग लिहिला जात असतो, त्याच वेळी दुसऱ्याचे चित्रीकरण चाललेले, तिसऱ्याची काटछाट, चौथ्याला संगीत. युनिव्हर्सल हा स्टुडिओ त्या काळी याचा मोठाच कारखाना होता, आणि लार्सनची उमेदीची वर्षे त्या कारखान्यात गेली. त्याचा अर्थ चांगला ध्यानात यावा म्हणून एकच प्रसंग सांगतो.

१९७१ साली लार्सनने स्वतः योजलेली पहिली मालिका सुरू झाली, ‘एलियस स्मिथ अँड जोन्स’. दोन फरारी दरोडेखोर, त्यांना सरळ मार्गाला लागावयाचे आहे, अशी कथा. रॉय हगिन्स नावाचा मुरलेला निर्माता या मालिकेचा प्रमुख होता. दोन नायकांपैकी एकाचे काम पीट ड्यूएल हा नट करी. वय एकतीस. आठवड्यामागून आठवडे तेच काम करून तो वैतागलेला होता. नटांच्या संघटनेच्या निवडणुकीला तो उभा राहिला होता आणि पडला होता. ३१ डिसेंबर १९७१ च्या पहाटे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

मंडळी, आमच्याकडे मागावर माणूस दगावला तर निदान त्या दिवशी शेडमधला खडखडाट थांबतो. मालकही तेवढी लाज बाळगतो. तेथे काही तासांच्या आत चित्रीकरण पुन्हा सुरू झाले. ज्या प्रसंगांत ड्यूएल लागत नव्हता ते त्याच दिवशी उरकून घेतले. मालिका बंद करावी, असे स्टुडिओतल्या काहींच्या मनात होते, परंतु प्रक्षेपण कंपनीला ठरलेले भाग हवे होते. रॉजर डेव्हिस नावाचा नट प्रत्येक भागाच्या सुरुवातीला निवेदन करीत असे. त्यालाच ड्यूएलच्या जागी उभे केले. गिरणीच्या भाषेत बोलावयाचे तर ‘बदली’ लावला. मालिका पुढे आणखी वर्षभर चालली.

हे मी मुद्दाम सांगितले. कारण लार्सनवर जो चोरीचा आळ आला तो या खडखडाटाच्या आत आला. शांत खोलीत बसलेल्या कवीवर तो आलेला नाही. म्हणून आळ खोटा ठरतो असे मात्र मी म्हणत नाही.

आळ काय होता? १९६९ साली दोन दरोडेखोरांचा ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ हा बोलपट गाजला. १९७१ साली लार्सनचे दोन दरोडेखोर आले. १९७३ साली ठकसेनांचा ‘द स्टिंग’ गाजला. १९७५ साली लार्सनची ‘स्विच’ ही मालिका आली, तिच्यात ठकसेन आणि पोलिस यांची जोडी. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ने जगाला वेड लावले, १९७८ साली लार्सनची ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ आली. हार्लन एलिसन या नामांकित आणि जिभेने तिखट लेखकाने त्याच्या नावाचीच कोटी करून टाकली. इंग्रजीत ‘लार्सनी’ म्हणजे चोरी. ग्लेन लार्सनचा त्याने ‘ग्लेन लार्सनी’ केला. ते नाव त्याला जन्मभर चिकटले.

नट जेम्स गार्नर याने तर आपल्या २०११ सालच्या आत्मचरित्रात याहून कडक हकीकत दिली आहे. गार्नरच्या ‘द रॉकफर्ड फाइल्स’ या मालिकेच्या कथा लार्सनने जुजबी फेरफार करून आपल्या मालिकांत वापरल्या, लेखकांच्या संघटनेकडे तक्रार झाली, दंड झाला, तरी प्रकार थांबला नाही; आणि पुढे लार्सन हसत हसत गळ्यात हात टाकायला आला तेव्हा आपण त्याला ठोसा लगावला, असे गार्नर लिहितो. ही एका पक्षाची कैफियत आहे, ती त्याच्या नावावरच ठेवू.

‘गॅलॅक्टिका’चे प्रकरण न्यायालयात गेले. ‘स्टार वॉर्स’ची मालक कंपनी ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स हिने युनिव्हर्सलवर दावा लावला आणि दोन्ही कलाकृतींतली चौतीस साम्यस्थळे मोजून दाखविली. १९८० साली खालच्या न्यायालयाने दावा काढून टाकला, १९८३ साली वरच्या न्यायालयाने तो पुन्हा चालवा म्हणून सांगितले, आणि अखेर ते बाहेरच मिटले. यातली मौज पाहा. हा दावा चालू असतानाच लार्सन उठून फॉक्सच्याच पदरी कामाला गेला, आणि त्यांना त्याने ‘द फॉल गाय’ ही चालती मालिका करून दिली! ज्यांच्या घरात चोरी झाली म्हणून ओरड, त्यांनीच चोराला तिजोरीपाशी बसविले. मालकवर्गाचा राग किती दिवस टिकतो हे मला चांगले ठाऊक आहे, माल खपेपर्यंत.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. विस्कटलेली मानवजात अवकाशनौकांतून नवे घर शोधीत निघते, ही कल्पना लार्सनने साठाच्या दशकातच ‘ॲडम्स आर्क’ या नावाने मांडली होती. तेव्हा तिला कोणी हिंग लावून विचारले नाही. ती त्याच्या मॉर्मन पंथाच्या श्रद्धेतून आलेली. बारा कुळे, बारा जणांची परिषद, ‘कोबोल’ नावाचा मूळ ग्रह, ही सगळी त्या घरची ठेव. ‘स्टार वॉर्स’ने पैसा केल्यावर त्याच मंडळींना ती एकाएकी चांगली वाटू लागली. दर तासाला सुमारे दहा लाख डॉलर खर्चून मालिका काढली. १७ सप्टेंबर १९७८ रोजी पहिला भाग सुरू झाला आणि मध्येच थांबवावा लागला. ईजिप्त आणि इस्रायल यांच्यात कॅम्प डेव्हिडचा समझोता झाला होता, तो दाखवायचा होता. एका वर्षात मालिका बंद पडली. खर्चाने पडली.

म्हातारपणी लार्सनला एका दीर्घ मुलाखतीत या नकलांबद्दल विचारले, तेव्हा तो फारसा चिडला नाही. प्रक्षेपण कंपन्या मोटारी बनविणाऱ्या कारखान्यांसारख्या आहेत, एकाची गाडी खपली की बाकीचे तशीच गाडी मागतात, अशा अर्थाचे तो बोलला. हे उत्तर खरे आहे. तरी मला ते पुरत नाही. आमच्याकडेही एकाचे डिझाइन दुसरा उचलतो आणि ‘बाजाराची मागणी’ म्हणतो. बाजार मागतो हे मान्य. परंतु ज्याने रात्र जागून ते डिझाइन आखले तोही बाजारातच उभा असतो, आणि त्याच्याकडे बोट दाखविण्याची वेळ आली की सगळे खाली पाहतात. ‘रॉकफर्ड’च्या लेखकांच्या बाबतीत जर गार्नर म्हणतो तसे झाले असेल, तर लार्सनने कोणा बलाढ्य कंपनीला लुटलेले नाही, त्याने आपल्या शेजारच्या मागावरच्या माणसाचे थान आपल्या नावावर मोजून घेतले. कारखान्याचा वेग हे त्याचे कारण असेल, सबब नाही.

हा निवाडा करणारी यंत्रणा मात्र त्या लोकांनी उभी केली, आणि माझ्या मते या सगळ्या हकीकतीतला अधिक मोलाचा भाग तो आहे. तिकडे लेखकांची संघटना आहे, ‘रायटर्स गिल्ड’. १९३३ साली चित्रपटलेखकांनी तिची सुरुवात केली, १९५४ साली तिला आजचे रूप आले. पडद्यावर ‘लेखक’ म्हणून कोणाचे नाव यावयाचे यावर वाद झाला तर स्टुडिओचा मालक तो ठरवीत नाही. तीन लेखक लवाद म्हणून बसतात. त्यांच्यापुढे सगळे खर्डे ठेवतात; वर नावे नसतात, ‘लेखक अ’, ‘लेखक ब’ एवढेच. कोणाचा वशिला, कोणाचा दरारा, काही कळण्याची सोय नाही. आपण श्रेयनामावली येऊ लागली की उठून चहा टाकावयास जातो. पण त्या धंद्यात ते मस्टर आहे. मस्टरवर नाव असेल तर मजुरी, निवृत्तिवेतन, औषधपाणी, आणि मालिका पुन्हा दाखविली की पुन्हा हिस्सा. हे कोणी खुशीने दिलेले नाही. १९६० साली लेखकांनी जानेवारीपासून जूनपर्यंत संप केला तेव्हा त्याचा पाया पडला. पुढे १९८१ साली तीन महिने, १९८८ साली पाच महिने, २००७-०८ साली शंभर दिवस, आणि २०२३ साली १४८ दिवस. शेवटच्या खेपेला तर यंत्राने लिहिलेले माणसाच्या नावावर आणि माणसाने लिहिलेले यंत्राच्या पोटात घालू नये, ही एक मागणी होती. कामगार चळवळ संपली असे सांगणारे विद्वान मला अधूनमधून भेटतात. त्यांना मी हे साल सांगतो.

लार्सनच्या मालिकांची नुसती नावे घेत बसलो तर रात्र होईल. ‘मॅग्नम’ ही त्याने डोनाल्ड बेलिसारिओबरोबर योजली. ती हवाई बेटांवर घडते. का, तर तेथे बारा वर्षे चाललेली दुसरी एक मालिका १९८० साली संपली आणि कंपनीची सारी सामग्री तेथे मोकळी पडली होती. शेड रिकामी आहे म्हणून माग चढवावा, तसे! ‘बक रॉजर्स’, ‘बी. जे. अँड द बेअर’ ही आणखी काही. फसलेल्याही पुष्कळ, ‘मॅनिमल’ नावाची, माणसाचे जनावर होते ती, आठ भागांत आटोपली. एका मालिकेबद्दल मात्र थोडे बोलतो.

१९७६ साली लू शॉ याच्याबरोबर लार्सनने ‘क्विन्सी’ योजली. सरकारी शवचिकित्सक हा नायक. लार्सन पुढे तीतून बाजूला झाला, नट जॅक क्लुगमन याने ती आपली केली. १९८१ साली तिच्यात एक भाग झाला. काही रोग इतके विरळ असतात की त्यांची औषधे काढणे कंपन्यांना परवडत नाही. रोगी थोडे, म्हणून नफा थोडा. अशा औषधांना तिकडे ‘अनाथ औषधे’ म्हणतात. भाग दाखविला गेला आणि क्लुगमनला अमेरिकन संसदेच्या समितीपुढे बोलावणे आले. विधेयक वरच्या सभागृहात अडले तेव्हा १९८२ साली दुसरा भाग काढला, आणि त्यातल्या मोर्चाच्या दृश्यात खरोखरीचे विरळ रोगांचे शेकडो रुग्ण चालले. जानेवारी १९८३ मध्ये कायद्यावर सही झाली. ते भाग लार्सनने लिहिलेले नाहीत, त्याचे श्रेय मी त्याच्या पदरात घालीत नाही. चौकट त्याची होती, आणि तीत दुसऱ्यांनी हे विणले, एवढेच. मोर्चे मी पुष्कळ काढले आहेत; पण नटांच्या मोर्चात खरे पीडित चालल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

आता संगीताकडे येतो. लार्सन आपल्या मालिकांची शीर्षकगीते स्वतः, बहुधा कोणाबरोबर तरी, बांधी. ‘गॅलॅक्टिका’ आणि ‘नाइट रायडर’ यांच्या संगीतावर त्याच्यासह स्टू फिलिप्स याचे नाव आहे. फिलिप्स हा शिकलेला, वाद्यवृंद लिहिणारा संगीतकार. शीर्षकगीत असते दीड मिनिटाचे. पण दर भागाला वाजते, पुनःप्रक्षेपणाला वाजते, परदेशात वाजते, आणि दर वेळी ज्यांची नावे त्यावर आहेत त्यांच्या नावे रक्कम पडते. एकविसाव्या वर्षी शिकलेला धडा तो विसरला नव्हता.

‘द फॉल गाय’चे शीर्षकगीत मला त्यातल्या त्यात आवडते. मोठ्या नटाच्या ऐवजी गाडीतून उडी मारणारा, आगीत शिरणारा तो अनामिक माणूस, त्याचे ते गाणे. हाडे त्याची मोडतात, नायिका मिळते दुसऱ्याला. लार्सनने ते गेल जेन्सन आणि डेव्हिड सॉमरव्हिल यांच्याबरोबर लिहिले आणि मालिकेचा नायक ली मेजर्स यानेच गायिले. १९८१ ची ही गोष्ट. अशा साहसकर्मींसाठी ऑस्करमध्ये स्वतंत्र पारितोषिक ठेवण्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले, तेही २०२७ सालापासूनच्या चित्रपटांना. ज्याने दुसऱ्याचे नाव पुसल्याचा आळ सोसला त्यानेच बिननावाच्या कामगाराचे गाणे करावे, याचा मेळ कसा घालावयाचा हे मला अजून जमलेले नाही.

‘नाइट रायडर’ १९८२ साली आली. एकटा नायक आणि त्याची बोलणारी काळी मोटार. मोटारीचा आवाज विल्यम डॅनियल्स या नटाचा. पण त्याने आपले नाव पडद्यावर घालू नका म्हणून सांगितले होते. मस्टरवरून स्वतःचे नाव काढून घेणारा हा एक विरळा माणूस! याला पुढे नटांच्या संघटनेने अध्यक्ष निवडले, आणि त्याच्या कारकीर्दीत २००० साली जाहिरातींत काम करणाऱ्या नटांचा सहा महिन्यांचा संप झाला. म्हणजे ती मोटार, कामगार-पुढाऱ्याच्या आवाजात बोलत होती म्हणावयाची.

आणि तिची ती धून. लार्सनने सांगून टाकले की तिचे बीज आपण लिओ डेलिब या फ्रेंच संगीतकाराच्या ‘सिल्व्हिया’ या नृत्यनाट्यातल्या एका मिरवणुकीच्या संगीतातून उचलले. ‘सिल्व्हिया’ पॅरिसला १८७६ साली रंगमंचावर आले. डेलिब १८९१ साली वारला. त्याच्यावरचा हक्क कधीच संपला होता, त्यामुळे या उचलण्याला कोणी चोरी म्हणाले नाही. १९९८ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ‘पंजाबी एम.सी.’ याने ती धून खाली घातली आणि वर लाभ जंजुआचा गळा ठेवला. चार-पाच वर्षांत ते गाणे साऱ्या युरोपात वाजू लागले. त्याच्या श्रेयात लार्सन आणि फिलिप्स यांचीही नावे आहेत. लाभ जंजुआ नंतर मुंबईस आला, हिंदी चित्रपटांत गायिला, आणि २०१५ साली गोरेगावी आपल्या राहत्या घरी वारला.

म्हणजे बघा, पॅरिसच्या मिरवणुकीची धून सव्वाशे वर्षांनी आमच्या वरातीत पोहोचली. मधल्या वाटेत कोणी मागून घेतली, कोणी न मागता.

स्वतः लार्सनला शेवटी काय मिळाले? पैसा त्याने पुष्कळ मिळविला, यात शंका नाही. १९८५ साली हॉलीवूडच्या पदपथावर त्याच्या नावाचा तारा बसला. पण करारात त्याला निव्वळ नफ्यातला हिस्सा कबूल होता. हा ‘निव्वळ’ शब्द आपल्याकडच्या बोनसच्या वाटाघाटींत बसलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. उत्पन्नातून आधी वितरणाचा आकार, मग कार्यालयीन खर्च, मग त्यावर व्याज. आकडा खाली येता येता शून्याच्याही खाली जातो. माल जगभर खपतो आणि वहीत तोटा राहतो. जुलै २०११ मध्ये वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी लार्सनने युनिव्हर्सलवर दावा लावला. ‘नाइट रायडर’सह आपल्या मालिकांच्या नफ्यातला हिस्सा आपल्याला पोहोचलाच नाही, ही त्याची तक्रार. ज्याला जग ‘लार्सनी’ म्हणत होते तो न्यायालयात उभा राहून म्हणत होता की चोरी माझी झाली आहे.

त्याच्या आधी, २००३ साली, ‘गॅलॅक्टिका’ नव्याने काढली गेली. लिहिली रोनाल्ड मूर याने, आणि फार गाजली. लवादाने मात्र निर्णय दिला की जुना सांगाडा लार्सनचा आहे, पटकथेत त्याचा वाटा धरला पाहिजे. त्याने तो घेतला, पण स्वतःच्या नावाने घेतला नाही; पडद्यावर ‘ख्रिस्टोफर एरिक जेम्स’ असे टोपणनाव आले. मला या घटनेचे राहून राहून नवल वाटते. संघटनेने त्या माणसाचे पूर्वीचे बरेवाईट काढले नाही. ‘लेखक अ’ने काय लिहिले आणि ‘लेखक ब’ने काय, एवढेच पाहिले. चोरीचा आळ असलेल्या कामगाराचीही केलेल्या कामाची मजुरी बुडता कामा नये, ही गोष्ट मी आमच्या सभांतून तीस वर्षे सांगतो आहे, आणि टाळ्या मिळत नाहीत.

१४ नोव्हेंबर २०१४ रोजी सँटा मोनिका येथे अन्ननलिकेच्या कर्करोगाने तो वारला. तीन लग्ने, नऊ मुले. वय सत्त्याहत्तर.

राहिला प्रश्न आपल्या बँडवाल्यांचा. भीत भीत मी कायदा पाहिला. आपल्याकडे २०१२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातला हिस्सा निर्मात्यालाही काढून घेता येणार नाही असे ठरले. ती चांगलीच गोष्ट झाली. मग वरातीत वाजविले त्याचे काय? तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या बावन्नाव्या कलमात धर्मकृत्यात वाजविलेल्या संगीताला सूट आहे, आणि त्यात लग्नाची वरात स्पष्ट शब्दांत घातलेली आहे. केंद्र सरकारने २०२३ साली पुन्हा तसा खुलासाही केला. तेव्हा वधूवरांनी निर्धास्त असावे. अमेरिकेहून बिल येणार नाही.

त्या रात्री वरात देवळापाशी थांबली. बँडवाले पायरीवर बसून चहा पीत होते. मी त्या कॅसिओवाल्या पोराला मघाची चाल कोणाची म्हणून विचारले. तो म्हणाला, “आमच्या उस्तादांनी बसवलीय.” मी त्याला, तेव्हा जेवढे कळले होते तेवढे, मोटारीचे आणि लार्सनचे सांगितले. त्याने चहा संपविला आणि मला विचारले, “त्यांस्नी ठावं हाय का अण्णा, आपण हितं वाजवतोय ते?”

मी म्हटले, “तो वारला रे, २०१४ सालीच.”

“आन् त्येचं पैसं?”

“कोर्टात गेला होता.”

“आमचं बी दोन वरातींचं ऱ्हायल्यात,” तो म्हणाला आणि उस्तादांनी हाक मारली म्हणून उठला. त्याच्या दोन वरातींचे पैसे मागायला परवा, गुरुवारी, मी त्याच्याबरोबर जाणार आहे.